फाटलेल्या कागदाची कड



मंचावर येण्याआधी आयोजकांनी मला विचारलं, "सर, माईक हातात देऊ की कॉलरला लावू?" मी म्हटलं, कॉलरलाच लावा. कारण हा बघा माझा उजवा हात. मागच्या रांगेतल्यांना कदाचित दिसत नसेल, पण पुढच्यांना दिसतोय. थरथरतोय. मी घाबरलेलो नाही. म्हणजे थोडा घाबरलोय, पण हात त्यामुळे थरथरत नाही. गेली चार वर्षं तो असाच आहे.

मी तोफखान्यातला माणूस. बत्तीस वर्षं सैन्यात काढली आणि २०१४ साली कर्नल म्हणून निवृत्त झालो. मूळचा कराडचा. आता बेंगळुरूच्या दक्षिणेला आनेकलला राहतो. आनेकल म्हणजे तामिळनाडूच्या हद्दीला टेकलेला तालुका. एका अंगाला बन्नेरघट्टाचं जंगल, दुसऱ्या अंगाला इलेक्ट्रॉनिक सिटी. नाचणी पिकली की रात्री जंगलातले हत्ती शेतात उतरतात, आणि सकाळी आयटीतली मुलं त्याच रस्त्यावर कंपनीच्या बसची वाट बघत उभी असतात. मुलगी इथे नोकरीला, म्हणून आम्ही दोघंही इथे आलो.

तोफखान्याबद्दल एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. तुम्ही वर्तुळाचे ३६० अंश करता. आम्ही ६४०० भाग करतो, त्याला मिल म्हणतात. एक मिल चुकलं तर एक किलोमीटरवर साधारण एक मीटरची चूक होते, आणि दहा किलोमीटरवर दहा मीटरची. पलीकडे आपलीच माणसं असू शकतात. म्हणून नकाशावर टोकदार पेन्सिलनं रेघ मारायची ती केसाएवढी बारीक आणि सरळ. तरुणपणी माझ्या हातची रेघ रेजिमेंटमध्ये प्रसिद्ध होती. मला तिचा गर्व होता. हातच गर्वाचा विषय असला, की तो गेल्यावर काय होतं, ते मी सांगायला आलोय. आणि त्या हातानं आज मी काय करतो, तेही.

सुरुवात एका चेकपासून झाली. सही जुळत नाही म्हणून तो परत आला. दुसरा दिला, तोही परत आला. तिसऱ्या वेळी मी स्वतः गेलो. काउंटरवरचा मुलगा अतिशय सभ्यपणे म्हणाला, "अंकल, घाई नाही. नीट बसून करा." मी नीट बसूनच केली होती.

डॉक्टरांनी तपासलं. म्हणाले, हा पार्किन्सन नाही, याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात. हात मांडीवर निवांत असला की शांत, आणि काही करायला उचलला की कापतो. जिवाला धोका नाही, गोळ्यांनी थोडा फरक पडेल. पडलाही, थोडा. पण मी काय केलं? लपवालपवी सुरू केली. कुणाकडे गेलो की म्हणायचो, चहा सोडलाय. कपबशी वाजते ना! रेजिमेंटच्या मेळाव्याचं बोलावणं आलं, तब्येतीचं कारण दिलं. तिथे ग्लास उचलायचा आणि सॅल्यूटही करायचा. दोन्ही नको वाटलं. आमच्या घरून एकदाच टोमणा आला, "अहो, चहा सोडला म्हणता आणि घरी दिवसातून चार वेळा घेता. जगानं काय बिघडवलंय?" मी उत्तर दिलं नाही.

यातून मला बाहेर काढलं एका सुरवंटानं.

माझी नात तेव्हा पाच वर्षांची होती. तिच्याकडे इंग्रजीतलं एक चित्रांचं पुस्तक होतं. खूप भूक लागलेला एक हिरवा सुरवंट सफरचंद खातो, पेअर खातो, खात सुटतो आणि शेवटी फुलपाखरू होतो. तुमच्यातल्या अनेकांच्या घरी ते असेल. १९६९ साली निघालेलं एरिक कार्ल यांचं पुस्तक. नात म्हणाली, "आबा, असा सुरवंट काढून दे." मी म्हटलं, मला चित्र काढता येत नाही. ती म्हणाली, "काढायचं नाहीये, चिकटवायचंय. बघ ना, ह्याला कडा आहेत."

मी चष्मा लावून पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. तो रंगवलेला नव्हता, कागदाच्या तुकड्यांचा होता. पण बाजारात मिळतो तसा एकरंगी घोटीव कागदही नव्हता. प्रत्येक तुकड्यात ब्रशचे ओरखडे, शिंतोडे, एका हिरव्यात चार हिरवे. मग मी वाचलं. हा माणूस पांढऱ्या पातळ टिश्यू कागदावर आधी स्वतः रंग द्यायचा. ते कागद वाळवून रंगांप्रमाणे खणांत लावून ठेवायचा. लाल लागला की लालाचा खण उघडायचा, मनासारखा तुकडा शोधायचा, कापायचा आणि चिकटवायचा. म्हणजे आधी रंग, मग आकार. आपण शाळेत बरोबर उलटं शिकलो, आधी आकार काढा आणि मग रंग भरा, रेघेबाहेर जाऊ नका.

आणखी एक गोष्ट वाचली आणि फौजी म्हणून मी थबकलो. कार्ल यांचा जन्म अमेरिकेतला, पण लहानपणीच आईवडील त्यांना जर्मनीला घेऊन गेले. वडिलांना युद्धावर जावं लागलं, ते रशियनांच्या कैदेत पडले. एरिकला पंधराव्या वर्षी सरहद्दीवर खंदक खणायला धाडलं. सगळीकडे करडा, मातकट, लपण्याचा रंग. तो रंग मला चांगला माहीत आहे. मी बत्तीस वर्षं तो अंगावर घातलाय. त्या पोरानं पुढे आयुष्यभर भडक लाल, पिवळा आणि हिरवा रंग कागदाला दिला.

तर आम्ही आजोबा-नात कामाला लागलो. पहिला प्रयत्न पतंगाच्या कागदावर केला. ओला झाला आणि बोटाला चिकटून विरघळला. दुसरा प्रिंटरच्या कागदावर. तो रंग लागताच गुंडाळला गेला आणि वाळल्यावर पापड झाला. मग बेंगळुरूच्या अव्हेन्यू रोडवर गेलो. तिथे जुन्या पुस्तकांपासून लग्नपत्रिकांपर्यंत कागदाचं सगळं मिळतं. दुकानदारानं एक ताव काढून दिला, "सर, राइस पेपर."

तो ताव मी उजेडासमोर धरला. पातळ, दुधाळ, आणि आत लांब लांब धागे इकडेतिकडे पळालेले. आणि मी त्या दुकानातून एकदम तवांगला पोचलो.

१९८०च्या दशकात मी कॅप्टन होतो. अरुणाचलमध्ये, सेला खिंडीपलीकडे आमची बॅटरी होती. तवांगच्या मठात सुट्या पानांच्या पोथ्या फडक्यात बांधून ठेवलेल्या पाहिल्या होत्या. तो कागद असाच होता, धागे दिसणारा. पुढे एकदा रस्ता बंद झाला, म्हणून आम्ही एका मोन्पा वस्तीत थांबलो. तिथे एक बाई दगडावर काहीतरी कुटत होती. मला वाटलं मसाला. आमचे सुभेदार साहेब म्हणाले, "साब, कागद बनवतायत." एका झुडपाची आतली साल काढायची, वाळवायची, राखेच्या पाण्यात उकळायची, कुटून लगदा करायचा, चौकटीवर ओतून पसरायचा आणि चौकटीसकट उन्हात ठेवायचा. वाळला की सोलून घ्यायचा. त्याला मोन शुगू म्हणतात. फार जुनी कला, मधल्या काळात जवळजवळ संपलेली. डिसेंबर २०२० मध्ये खादी ग्रामोद्योग आयोगानं तवांगला त्याचं केंद्र सुरू केलं, ते वाचून मला फार बरं वाटलं.

म्हणजे, मंडळी, राइस पेपर या नावावर जाऊ नका. दुकानात चित्रकलेसाठी या नावानं जो कागद मिळतो, त्यात बहुधा तांदळाचा दाणाही नसतो. जपानी कागद असेल तर तो तुतीच्या कुळातल्या एका झाडाच्या सालीचा. नेपाळचा लोकता असेल तर तो मोन शुगूच्याच जातभाईंच्या सालीचा. चिनी शुआन कागदात सालीबरोबर भाताचा पेंढा असतो, तेवढाच काय तो भाताचा संबंध. आणि ज्या झाडाला खरोखर राइस पेपरचं झाड म्हणतात, त्याचा कागद म्हणजे खोडातला मऊ गाभा पात्यानं सोलून काढलेले पापुद्रे. त्यातही तांदूळ नाहीच.

आपल्याकडेही कागद होता. जुन्नरी कागद पेशवाईच्या दप्तरांत आहे. दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचं गाव आहे. तुघलकानं राजधानी तिकडे आणली तेव्हापासूनचे कागदी तिथे होते असं सांगतात. पुण्याला शिवाजीनगरला गांधीजींच्या प्रेरणेनं १९४० साली हातकागद संस्था सुरू झाली. तिचा कागद सुती चिंध्यांचा, जाड आणि भक्कम. माझ्या चित्रांची पार्श्वभूमी मी बऱ्याचदा तशाच कागदावर करतो. खाली महाराष्ट्र, वर जपान.

आता कसं करायचं ते सांगतो, कारण नुसत्या गप्पा ऐकून घरी जाऊ नये.

आधी रंगवणं. टेबलावर प्लास्टिक पसरा, त्यावर कागद. रंग ॲक्रिलिक घ्या. तो वाळला की पाण्यानं सुटत नाही, त्यामुळे चिकटवताना फुटत नाही. जलरंग घेतलात तर खळ लागताच पसरेल. रंग पाण्यासारखा पातळ केला तर कागदाच्या आरपार जातो. घट्ट ठेवला तर वरच्यावर बसतो आणि कागदाच्या पोटात पांढरं राहतं. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. ओला कागद उचलू नका, प्लास्टिकवरच वाळू द्या आणि मग सोला. एका बैठकीत एकच रंग घ्या, पण दहा ताव करा आणि प्रत्येक वेगळा होऊ द्या. माझा हात कापतो, त्यामुळे माझ्या ब्रशच्या रेघेत आपोआप लाटा येतात. पहिल्यांदा त्या पाहून मी चिडलो. नात म्हणाली, "आबा, हे तर पाणी झालं!" त्या कागदाचं आम्ही तळं केलं.

दुसरं, फाडणं. कात्री घेऊ नका. सुरुवातीला मी कात्रीच घेतली होती. कापणाऱ्या हातात कात्री म्हणजे काय, ते मी सांगत नाही, या अंगठ्याला विचारा. फाडायला दोन्ही हात लागतात, चिमटी जवळ धरली की ते एकमेकांना आधार देतात. वर्तमानपत्र उभं फाडलं तर सरळ फाटतं आणि आडवं फाडलं तर वाकडं जातं, हे तुम्हाला माहीत आहे. यंत्रावरच्या कागदात तंतू एका दिशेनं झोपलेले असतात. हातकागदात ते चहूकडे पसरलेले असतात, म्हणून तो कुठूनही फाडा, त्याच्या मर्जीनं जातो. अगदीच आपल्या मर्जीनं न्यायचा असेल तर मागच्या, न रंगवलेल्या बाजूनं ओल्या ब्रशनं रेघ ओढा, अर्धा मिनिट थांबा आणि दोन्हीकडून हलकेच ओढा. मग कड मिशीसारखी निघते, तंतूतंतूची. ढग करायला, धुकं करायला, हत्तीच्या शेपटीचा झुबका करायला ती उत्तम.

आणि आता ती पांढऱ्या पोटाची गोष्ट. हा बघा, वरच्यावर रंगवलेला निळा कागद. मी फाडतो. ही एका तुकड्याची कड निळी राहिली आणि या दुसऱ्याला पांढरी किनार आली. कागद आपल्याकडे ओढता की पलीकडे ढकलता, त्यावर ती किनार कुणाच्या वाट्याला येते ते ठरतं. घरी दोन कागद फाडा, लगेच कळेल. डोंगराच्या माथ्यावर ती किनार ठेवली की ऊन पडल्यासारखं दिसतं. लाटेवर ठेवली की फेस. आनेकलच्या आसपास काळ्या खडकांच्या टेकड्या आहेत. पाऊस पडून गेल्यावर त्या खडकांच्या कडा चमकतात. ती चमक मला रंगानं कधी जमली नसती. फाडल्यावर ती आपोआप आली.

तिसरं, चिकटवणं. इथे मला माझे वडील आठवतात. कराडला त्यांचं बुकबाइंडिंगचं लहानसं दुकान होतं. शाळांची हजेरीपटं, दुकानांच्या खतावण्या, पोथ्या. घरात कायम खळीचा वास. मी फौजेत गेलो तेव्हा मला वाटलं, सुटलो या वासातून. साठीनंतर मी परत खळ शिजवायला लागलो. एक वाटी मैद्याला पाच-सहा वाट्या पाणी, गाठी मोडून मंद आचेवर ढवळत राहायचं. दुधाळपणा जाऊन चकाकी आली की उतरवायची आणि गाळून घ्यायची. वडील त्यात चिमूटभर मोरचूद घालायचे, म्हणजे कसर लागत नाही. मी घालत नाही. मोरचूद विषारी आहे आणि माझी सहकारी बोटं चाटते. आम्ही थोडीच करतो, फ्रिजमध्ये ठेवतो, तीन-चार दिवसांत संपवतो. कोकणात किंवा पावसाळी गावात असाल तर पाणी घातलेला फेव्हिकॉल बरा, खळीला बुरशी धरते.

मोठे तुकडे आधी, लहान नंतर. पातळ कागदातून खालचा रंग डोकावतो, त्याचा उपयोग करा. निळ्यावर पिवळा ठेवला की हिरवा फुकट मिळतो. आणि पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवा, नाहीतर वाळताना पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो. माझी पहिली तीन चित्रं वाकली. वडील असते तर पहिल्याच दिवशी बोलले असते.

जपानमध्ये या कलेला नाव आहे, चिगिरी-ए. चिगिरी म्हणजे फाडणं, ए म्हणजे चित्र. तिथे कियोशी यामाशिता नावाचा एक चित्रकार होऊन गेला. जन्म १९२२ चा. लहानपणच्या आजारानंतर तो अडखळत बोलायचा. बाराव्या वर्षी त्याला मतिमंद मुलांच्या संस्थेत ठेवलं आणि तिथे तो कागद फाडून चित्रं करायला शिकला. १९४० साली, अठरा वर्षांचा असताना, तो संस्थेतून पळाला. कारण काय? सैन्यात भरती करतील म्हणून! आणि पुढे देशभर पायी भटकला. भटकताना पाहिलेलं लक्षात ठेवायचा आणि परत आल्यावर फाडून चिकटवायचा. नागाओका गावच्या आतषबाजीचं त्याचं १९५०चं चित्र तुम्ही इंटरनेटवर नक्की बघा. काळ्या आकाशात फुटलेली फुलं आणि खाली माणसांची गर्दी. प्रत्येक माणूस म्हणजे कागदाचा एक इवला तुकडा. लोकांनी त्याला नाव दिलं होतं "उघडा सेनापती". भरतीतून पळालेला तो सेनापती, आणि बत्तीस वर्षं नोकरी केलेला मी त्याचा शिपाई. फौजेत हे मान्य होणार नाही, पण तसं आहे.

दुसरे आपले विनोदबिहारी मुखर्जी, शांतिनिकेतनचे. जन्मापासून एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसरा अधू. तरी हिंदी भवनाच्या भिंतीवर मध्ययुगीन संतांचं एवढं मोठं भित्तिचित्र केलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर होती तीही नजर गेली. चित्रकाराची नजर गेली! त्यानंतर त्यांनी काय करावं? कागद घेतले. रंगीत कागद कापून, दुमडून, चिकटवून चित्रं केली. कागदाला कड असते, ती बोटांना कळते. शांतिनिकेतनमध्ये त्यांच्याकडे शिकलेल्या सत्यजित राय यांनी १९७२ साली त्यांच्यावर "द इनर आय" नावाचा माहितीपट केला. तो मी रात्री एकट्यानं पाहिला. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे गेलो आणि चहा मागितला. बशी वाजली. ते म्हणाले, "कर्नल साहेब, कप अर्धाच भरून देऊ का?" बस, एवढंच. दोन वर्षं मी ज्याला घाबरत होतो, तो प्रसंग अर्ध्या कपात मिटला.

आता शेवटची गोष्ट.

नवा अधिकारी म्हणून रेजिमेंटमध्ये गेलो तेव्हा माझ्या पहिल्या कमांडिंग ऑफिसरनी एक शिकवलं होतं. आपल्या माणसाच्या घरी काही वाईट घडलं तर पत्र स्वतःच्या हातानं लिहायचं. टाइप करायचं नाही, दुसऱ्याला सांगायचं नाही. मी ते पाळलं. अशी किती पत्रं लिहिली, ते मी मोजत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमचे ते सुभेदार साहेब गेले. तवांगला कागदाची गोष्ट सांगणारे. कोरेगाव तालुक्यातल्या त्यांच्या गावी. मला फोनवर कळलं. मी कागद घेतला, पेन घेतलं आणि "आदरणीय वहिनी" एवढं लिहिलं. ते मलाच वाचता येईना. दुसरा कागद. तिसरा. रात्रीपर्यंत टोपली भरली. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही सांगा, मी टाइप करते." मी तिच्यावर ओरडलो. आयुष्यात फार थोड्या वेळा ओरडलोय.

पहाटे उठलो. रंगवलेल्या कागदांचा खण उघडला आणि सेला खिंड फाडायला घेतली. तेरा हजार सातशे फुटांवर ते तळं आहे. हिवाळ्यात गोठतं. आता खिंडीखालून बोगदा झालाय, मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. आमच्या वेळी खिंडच ओलांडावी लागायची, आणि एका हिवाळ्यात मी आणि सुभेदार साहेब गाड्या अडकल्या म्हणून रात्रभर तिथे होतो. काळे डोंगर, पांढऱ्या कडा, मध्ये करडं-निळं तळं, आणि दोन ठिपके. ते आम्ही. चार दिवस लागले. पाठीमागे एकच ओळ लिहिली आणि पोस्टानं पाठवलं.

दहा दिवसांनी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, "साहेब, चित्र पोचलं. ह्यांच्या फोटोशेजारी लावलंय." मी काही बोलू शकलो नाही. मग त्या म्हणाल्या, "एक इचारू का? रागवायचं न्हाई. तिथं तळ्याकडंला एक पत्र्याची चहाची टपरी व्हती म्हनं. ह्ये लई सांगायचे, साहेबांनी आन् मी तिथं रातभर चहा पिला, म्हनून वाचलो. ती न्हाई ह्यात."

खरंच नव्हती. सगळ्या डोंगरांची उंची मी बरोबर ठेवली होती, आणि ज्या टपरीनं जीव वाचवला ती विसरलो होतो. मी म्हटलं, वहिनी, राहून गेली. पाठवतो.

करड्या कागदाचा नखाएवढा तुकडा फाडला. त्याला तांबूस गंजाची कड ठेवली. पाकिटात घातला आणि सोबत चिठ्ठी लिहिली. हातानं. "वहिनी, ही टपरी. खळ करून तळ्याच्या उजव्या काठाला चिकटवा." एवढं लिहायला अर्धा तास लागला. फाडून टाकली नाही. जशी आली तशी पाठवली.

परत फोन आला. टपरी चिकटवली होती. नातवानं. मी विचारलं, उजव्या काठाला ना? वहिनी हसल्या, "न्हाई ओ, त्यानं तळ्याच्या मदोमद लावली. आता निघंना." मग मी भीत भीत विचारलं, माझं अक्षर लागलं का वाचायला? म्हणाल्या, "लागलं की. नातू म्हनला, आजी, साहेबांनी बरफात बसून लिवलंय, थंडीनं हात कापाय लागलाय."

ते चित्र आजही त्यांच्या भिंतीवर आहे. गोठलेलं तळं, आणि तळ्याच्या मधोमध चहाची टपरी.

या वर्षी रेजिमेंटच्या मेळाव्याला मी जाणार आहे. चहा अर्धा कप घेईन.

जय हिंद.